आमच्या रस्त्याचं दुसरं टोक

तुमच्या गावावरून जाणारा रस्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, असा प्रश्न तुम्हांला कधी पडलाय का?

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी-महागावच्या बाजूने एक मोठा महामार्ग जातो. आमची शाळा त्याच्या जवळच आहे. या रस्त्याने एका बाजूला गेलं की यवतमाळ, वर्धा आणि मग नागपूर. हे टोक आमच्या मुलांना चांगलं ठाऊक आहे. कुणाचा मामा नागपूरला असतो, कुणाची आत्या वर्ध्याला. पण दुसऱ्या बाजूला काय? उमरखेड, मग पैनगंगेचा पूल, मग नांदेड. पुढे लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर. आणि शेवटी आंबा घाट उतरून रस्ता थेट अरबी समुद्रापाशी जाऊन थांबतो! वाटेत त्याचे सरकारी क्रमांक बदलतात, पण वर्तमानपत्रांत त्याला ‘मिऱ्या-नागपूर महामार्ग’ म्हणतात. मिऱ्या म्हणजे रत्नागिरी शहराला लागूनच असलेलं, समुद्रकाठचं गाव.

एकदा चौथीच्या वर्गात मी नकाशावर हा रस्ता दाखवत होते. माझं बोट मिऱ्याला टेकलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, “बाई, समुद्राले बी पूर येते काय?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. जुलै २०२३ मध्ये आमच्या भागात एका रात्रीत भयंकर पाऊस झाला होता. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने असा वेढा घातला, की अडकलेल्या माणसांसाठी वायुदलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. त्या दिवसांत आमच्या कितीतरी मुलांनी रात्रभर जागून घरात शिरलेलं पाणी पाहिलं होतं. तेव्हा तिचा प्रश्न काही गमतीचा नव्हता. आणि खरं सांगते, मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. मी विदर्भातली, समुद्र पाहिलेला तो फक्त सहलीत, तोही भेळ खात खात!

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवलं, की रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन यायचं.

मिऱ्याची पुळण

एस.टी. बदलत बदलत, अंग आंबवून घेत एकदाची रत्नागिरीला पोचले. कोल्हापूर सोडल्यावर आंबा घाट लागला आणि डोळ्यांना हिरवं दिसायला लागलं. मे महिन्यात आमच्याकडे पळसाची पानंसुद्धा तापून कडक होतात. इथे मात्र जिकडेतिकडे आंबा, फणस, काजू. पाली गेलं, हातखंबा गेलं आणि हवेत ओलसर खारट वास यायला लागला.

रत्नागिरीची एक गंमत आधी सांगते. इथे दोन समुद्र आहेत! एक ‘काळा समुद्र’ आणि एक ‘पांढरा समुद्र’. पाणी दोन्हीकडे एकच, रंग आहे तो वाळूचा. मांडवीच्या बाजूला वाळूत इल्मेनाइट नावाच्या जड खनिजाचे काळे कण असतात, म्हणून तो काळा समुद्र. रत्नदुर्ग किल्ल्याच्या पलीकडे, मिऱ्याच्या अंगाला वाळू फिकट आहे, तिच्यात शिंपल्यांचा चुराही असतो. तो पांढरा समुद्र. आमच्याकडे जिला आपण रेती म्हणतो तिला इथे वाळू म्हणतात आणि वाळूने भरलेल्या किनाऱ्याला पुळण. किती गोड शब्द आहे नाही? पुळण!

मी मोठ्या उत्साहाने पुळण पाहायला निघाले. पण समोर दिसली ती दगडांची लांबच लांब रास. एकेक दगड बैलाएवढा! जोडीला सिमेंट-काँक्रीटचे चार पायांचे अगडबंब ठोकळे. त्यांना टेट्रापॉड म्हणतात. पाय एकमेकांत अडकतात, म्हणून लाटेला ते सहज हलवता येत नाहीत. हा झाला धूपप्रतिबंधक बंधारा. धूप म्हणजे जमीन झिजून वाहून जाणं. वावराच्या बांधाची होते तशीच किनाऱ्याचीही होते.

बंधाऱ्यापलीकडे, ओहोटी होती म्हणून, वाळूची जेमतेम पट्टी दिसत होती. तिथे एक आजोबा जाळ्याची वीण दुरुस्त करत बसले होते. मी यवतमाळहून आले म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

“यवतमाळ? म्हणजे कापसाचा मुलूख! एवढ्या लांबून काय बघायला आलात, ताई?”

“पुळण बघायला आले, आजोबा.”

आजोबा हसले. बोट समुद्राकडे करून म्हणाले, “ती तिथं होती. आता लाट फुटतेय ना, तिथं. मे महिना आहे म्हणून एवढी तरी पट्टी दिसतेय तुम्हांला. श्रावणात या, मग पाणी या दगडांवरून उडून रस्त्यावर येतं.”

आजोबांच्या लहानपणी या पुळणीवर रापण लावत. रापण म्हणजे खूप लांब जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी उभं राहून किनाऱ्यावर ओढायचं. सगळी वाडी लागायची त्याला, पोरंटोरंसुद्धा. मासळी वाळत घालायला वाळू, होड्या ओढून ठेवायला वाळू, हुतूतू खेळायलाही वाळूच. पुळण गेली आणि हे सगळं आखडलं. उधाणाचं पाणी आत शिरलं की विहीर खारट होते आणि माडांची मुळं उघडी पडतात, तेही त्यांनी सांगितलं.

समुद्राची ताकद किती, याचा एक दाखला देते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं. वादळाने प्रत्यक्षात रायगड जिल्ह्यात जमीन गाठली, पण इथे मिऱ्यालाही ‘बसरा स्टार’ नावाचं मोठं जहाज लाटांनी ढकलत आणलं आणि किनाऱ्याच्या बंधाऱ्याला टेकवून ठेवलं. जहाज! मग घराची भिंत ती काय?

वाळू चालते

आता सांगा पाहू, पुळण गेली कुठे? कुणी चोरून नेली?

तर मंडळी, वाळू एका जागी बसून राहत नाही. ती चालते. पावसाळ्यात लाटा उंच आणि जोरकस असतात. त्या किनाऱ्याची वाळू ओढून थोडं आत, पाण्याखाली नेऊन ठेवतात. दिवाळीनंतर समुद्र शांत होतो आणि लहान लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून देतात. म्हणून मे महिन्यात पुळण रुंद आणि श्रावणात अरुंद. जणू किनारा वर्षातून एकदा श्वास घेतो नि सोडतो.

वाळूची दुसरीही एक चाल आहे. लाटा किनाऱ्यावर बहुतेक वेळा तिरप्या येतात. त्यामुळे वाळूचा कण थोडा वर चढतो, थोडा खाली घसरतो आणि दरवेळी जरा बाजूला सरकतो. असं करत करत लाखो टन वाळू किनाऱ्याला समांतर प्रवास करत असते. जणू किनाऱ्याला लागून वाळूची एक नदीच वाहते! या नदीत मध्येच कुणी भिंत घातली, तर काय होईल? अलीकडे वाळू साचेल आणि पलीकडचा किनारा उपाशी राहील.

हे आपल्या देशात अगदी ढळढळीत दिसतं ते चेन्नईला. तिथे १८७६ च्या सुमारास बंदरासाठी समुद्रात भिंती घालायला सुरुवात झाली. पूर्व किनाऱ्यावर वाळू मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे चालते. बंदराच्या दक्षिणेला ती अडकली आणि मरीना हा प्रसिद्ध किनारा रुंद होत गेला. उत्तरेला रायपुरमच्या बाजूची वाळू मात्र समुद्राने नेली. एकाच शहरात एकीकडे लोक घोड्यावर बसून वाळूत रपेट करतात आणि दुसरीकडे दगड टाकून घरं वाचवतात.

चेन्नईच्याच राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला आपल्या देशाचा किनारा तपासला. त्यातला सुमारे एक तृतीयांश भाग झिजतो आहे असं त्यांना आढळलं.

परातीतला समुद्र

“मग भिंतच बांधावी की उंच!” असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. शाळा सुरू झाल्यावर आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही घरी करून पाहा.

एक मोठी परात घ्या. अर्ध्या भागात ओली रेती थापून तिला पाण्याकडे हलका उतार द्या. उरलेल्या अर्ध्या भागात पाणी घाला. आता पट्टी पाण्यात उभी धरून पुढे-मागे हलवा, म्हणजे लाटा तयार होतील. उतारावर लाट चढते, दमते आणि परत फिरते. तिचा जोर रेतीतच जिरतो.

आता रेतीच्या कडेला एक वीट उभी करा आणि पुन्हा लाटा करा. पाणी विटेवर आपटतं, उलटं फिरतं आणि जाता जाता विटेच्या पायाजवळची रेती खरवडून नेतं. विटेच्या मागची रेती वाचते, पण पुढची जाते. थोड्या वेळाने वीटसुद्धा पुढे कलते.

खऱ्या समुद्रातही हेच होतं. भिंत मागचं घर वाचवते, पण भिंतीपुढची पुळण बहुधा आणखी लवकर जाते. मग भिंतीच्या पायाशी पाणी खोल होतं, लाटा अधिक मोठ्या येतात आणि दरवर्षी नवे दगड टाकावे लागतात.

किनाऱ्याला जेवण

यावर माणसाने एक वेगळीच युक्ती काढली. पुळण उपाशी आहे ना? मग तिला वाळू वाढा! याला किनाऱ्याचं वाळू-पोषण म्हणता येईल. समुद्राच्या तळाची किंवा बंदरात साचलेली वाळू जहाजाने शोषून घ्यायची आणि मोठ्या नळांतून किनाऱ्यावर सोडायची. गाळ शोषणाऱ्या या जहाजाला ड्रेजर म्हणतात.

आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमला १९३३ साली बंदर सुरू झालं. त्या वेळी ‘जेनस’ आणि ‘वेलेडसन’ नावाची दोन जुनी जहाजं दगडांनी भरून मुद्दाम बुडवली होती, लाटा अडवायला! तिथेही वाळू दक्षिणेला अडू लागली आणि शहराचा किनारा झिजू लागला. मग अडलेली वाळू ड्रेजरने उचलून उत्तरेच्या किनाऱ्यावर नेऊन टाकायची, असा पायंडा पडला. म्हणजे बंदराने अडवलेला घास माणसाने हाताने भरवायचा.

पुदुच्चेरीची गोष्ट तर आणखी छान. तिथे १९८० नंतर बंदराच्या भिंती झाल्या आणि शहरापुढची पुळण नाहीशी झाली. उरले फक्त दगड. कित्येक मुलं वाळू न पाहताच मोठी झाली. मग चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी बांध बसवला आणि बंदराच्या तोंडाशी साचलेली वाळू किनाऱ्यावर घातली. २०१८ च्या सुमाराला लोक पुन्हा वाळूवर फिरायला लागले.

आणि नेदरलँड्सचं काय सांगू! त्या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीपेक्षा खाली आहे. भिंती बांधण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. तरी १९९० पासून त्यांनी किनारा वाळू घालून राखायचं धोरण धरलं. २०११ साली द हेग शहराजवळ त्यांनी एकाच जागी २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू ओतली. आपल्याकडे रेती ब्रासमध्ये मोजतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते. त्या हिशेबाने ७६ लाख ट्रॉल्या! गंमत म्हणजे ती पसरायला त्यांनी मजूर लावले नाहीत. वारा आणि लाटाच ती हळूहळू शेजारच्या किनाऱ्यांना वाढताहेत. त्याला ते ‘वाळूचं इंजिन’ म्हणतात.

मिऱ्यासाठीही असा विचार झाला होता. २०१० साली आशियाई विकास बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यांसाठी एक योजना मंजूर झाली. तिच्यात कर्नाटकातलं उल्लाळ आणि आपलं मिऱ्या ही दोन्ही नावं होती. पाण्याखाली बांध घालून लाटांचा जोर मोडायचा आणि किनाऱ्यावर वाळूचा भराव करायचा, ही त्यामागची कल्पना. किनाऱ्यावर उभं राहिलं की डोळ्यांत भरतो तो मात्र दगडांचा आणि टेट्रापॉडचा बंधारा.

मी आजोबांना विचारलं, “तुम्हांला काय हवं, आजोबा? भिंत की वाळू?”

त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. म्हणाले, “ताई, भिंत नको म्हणणाऱ्यानं जुलैमध्ये आमच्या पडवीत एक रात्र झोपून बघावं. मला भिंत हवी. पण माझ्या नातवाला पुळण हवी.”

या उत्तरावर मी बराच वेळ गप्प बसले. आजोबा दोन्हीकडून खरं बोलत होते. वाळू घातली तरी ती कायमची राहत नाही. काही वर्षांनी पुन्हा घालावी लागते, पुन्हा खर्च येतो. ती जुन्या वाळूसारखीच जाड हवी, फार बारीक असली तर एका पावसाळ्यात निघून जाते. ती ओतताना वाळूतले खेकडे, शिंपले दबतात, म्हणून वेळही पाहावी लागते. उद्या उधाण यायचं असेल तर दगडच टाकावे लागतात. पण नुसत्या दगडांवर रापण ओढता येत नाही. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं वाळूत खड्डा करून अंडी घालतात, ती दगडांत कुठे घालणार?

निघताना बंधाऱ्याच्या कडेला, थोड्या उरलेल्या वाळूत जांभळ्या फुलांची एक वेल दिसली. “ही मर्यादवेल,” आजोबा म्हणाले. समुद्राच्या लाटा जिथे थांबतात तिथून ती पसरते, मुळांनी वाळू धरून ठेवते. समुद्राची मर्यादा सांगणारी, म्हणून मर्यादवेल. आपल्या आज्या-पणज्यांनी नावं किती विचार करून ठेवली आहेत, पाहा!

पैनगंगेच्या पुलावर

परतीच्या प्रवासात पहाटे पैनगंगेचा पूल आला. पूल ओलांडला की आमचा जिल्हा. खाली कोरडं पात्र होतं आणि त्यात रेतीचे खड्डे. त्या खड्ड्यांकडे मी आयुष्यभर पाहत आले आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की पुळणीवरची वाळू मुळात येते कुठून?

बरीचशी नद्यांकडून! डोंगर झिजतात, दगड फुटतात, पुरात घासत घासत त्यांची रेती होते आणि नदी ती समुद्राला नेऊन देते. मिऱ्याच्या आसपास हे काम सह्याद्रीतून धावत येणाऱ्या काजळीसारख्या छोट्या नद्या करतात. आमची पैनगंगा मात्र रस्त्याच्या उलट दिशेने जाते. ती वणी तालुक्यात वर्धा नदीला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे यवतमाळलाही समुद्र आहे की! रस्ता पश्चिमेच्या समुद्रातून येतो आणि पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं.

गोदावरीच्या मुखाजवळचा किनाराही ठिकठिकाणी झिजतो आहे. वर धरणांत गाळ आणि रेती अडते, खाली पुरेशी पोचत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण अभ्यासकांनी दाखवलं आहे. आता धरणं नकोत असं मी म्हणणार नाही. इसापूरचं पाणी आलं नाही तर कितीतरी वावरं कोरडी राहतील. घर बांधायला रेतीही लागतेच. शाळेची नवी खोली काही नुसत्या हवेवर उभी राहत नाही. पण “नदीचं पाणी समुद्रात वाया जातं” हे वाक्य मी वर्गात कितीदा म्हटलं असेल! आता ते म्हणताना जीभ अडखळते. समुद्राला पोचलेलं सगळंच वाया गेलेलं नसतं. त्यात कुणाच्या तरी पुळणीचा घास असतो.

शाळा उघडल्यावर त्या मुलीला मी उत्तर दिलं. “बाळा, समुद्राला नदीसारखा पूर येत नाही, उधाण येतं. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, त्यात वादळवारा, की पाणी घरात शिरतं. ते अडवायला भिंत असते, पण भिंतीच्या आधीचा बंधारा असतो रेतीचा. आणि त्यातली थोडी रेती आपल्याकडूनही जाते.”

ती जरा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, “म्हणजे बाई, तिथल्या लेकराइच्या घराची भिंत आपल्या नाल्यातून जाते?”

मला तिचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा चांगलं वाटलं.

आता तुमच्यासाठी एक काम. पावसाळ्याआधी, पाणी नसताना, घरातल्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन जवळच्या नाल्यावर जा. पात्रात एक लोखंडी गज घट्ट ठोका आणि रेतीच्या पातळीला त्यावर रंगाची खूण करा. पूर ओसरून नाला कोरडा झाला की पुन्हा मोठ्यांबरोबरच जा. रेती खुणेच्या वर आली की खाली गेली, ते वहीत लिहा. कोकणातल्या दोस्तांनो, तुम्ही घराजवळच्या माडापासून भरतीच्या रेषेपर्यंत पावलं मोजा, एकदा मे महिन्यात आणि एकदा गणपतीनंतर. दोन-तीन वर्षं हे केलंत, तर तुमच्या वहीत तुमच्या गावाचा खरा भूगोल तयार होईल, पाठ्यपुस्तकात नसलेला.

आमच्या नाल्यात गज ठोकून झालाय. तुमचा कधी ठोकताय?